मान टाकलेला ससा: क्रोशाच्या एका खेळण्याचा प्रकरण अभ्यास

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात भाची घरी आली. कडेवर आठ महिन्यांचा मुलगा आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला ससा. पिशवी सोडली तसा कुबट वास आला. "आजीला सांगू नकोस," ती म्हणाली, "पण हा आता बाळाच्या हातात द्यायची भीती वाटते."

ससा माझ्या मावशीनं विणलेला. तिनं तो मिरजेहून पणतवाच्या बारशाला पाठवला होता. मावशीचं वय 71, आणि क्रोशाची सुई तिच्या हातात पन्नास वर्षं तरी आहे. आमच्या घरातल्या कितीतरी मुलींच्या रुखवतात तिचे रुमाल आणि तोरणं होती. तिच्या जाळीचा एक टाका इकडचा तिकडे झालेला मी कधी पाहिलेला नाही. म्हणून हे प्रकरण मला नीट लिहून काढावंसं वाटलं. नवशिक्याचं खेळणं बिघडलं तर आपण "हात बसेल हळूहळू" म्हणून सोडून देतो. इथे हात चांगला बसलेला होता आणि तरीही ससा बिघडला होता.

ससा कसा आला

उंची कानांसकट 22 सेंटिमीटर. चार पदरी तपकिरी अ‍ॅक्रिलिक लोकर. डोकं आणि धड वेगवेगळे विणून नंतर शिवलेले. डोकं पुढे छातीवर कलंडत होतं. सरळ केलं की मागे पडायचं. गालांवर आणि पोटावर प्रत्येक टाक्याच्या मधून पांढरा कापूस दिसत होता, जणू सशाला पांढरे ठिपके आहेत. डोक्याच्या अगदी माथ्यावर भोक होतं, माझी करंगळी सहज जाईल इतकं. कान लांब आणि मऊ, पण एक पुढे आणि एक जवळजवळ गालावर. कानांच्या खांबांमधल्या, म्हणजे उभ्या टाक्यांमधल्या, फटीत बाळाची बोटं अडकत असल्याचं भाचीनं सांगितलं. आणि उजवा डोळा नव्हता. तो तिला सुदैवानं पाळण्यात सापडला होता, बाळाच्या तोंडात नव्हे. तिनं तो कागदात गुंडाळून आणला होता.

त्या डोळ्यापासूनच सुरुवात केली, कारण बाकी सगळं दिसण्याचं आणि हा जिवाचा प्रश्न होता.

काळा, चकाकता, 8 मिलिमीटरचा डोळा. बाजारात याला 'सेफ्टी आय' म्हणतात. मागे खाचा असलेली दांडी असते. ती विणीतून आत घालायची आणि आतून प्लास्टिकची चकती दाबून बसवायची. एकदा बसलेली चकती हातानं निघत नाही. मी कागद उघडला तर चकती दांडीवर घट्ट होती! म्हणजे डोळा तुटला नव्हता, सुटला नव्हता. चकतीसकट अख्खाच्या अख्खा विणीतून बाहेर आला होता. बाळानं चोखून, ओढून टाके रुंदावले आणि त्या फटीतून चकती आडवी होऊन निसटली. 'सेफ्टी' हा शब्द चकती आणि दांडीपुरता खरा आहे. ती ज्या कापडाला धरून बसते ते कापडच सैल असेल तर तो शब्द काही कामाचा नाही. खेळण्यांच्या सुरक्षा-तपासणीत, एखादा भाग लहान मुलाच्या घशात अडकण्याइतका छोटा आहे का हे पाहायला 31.7 मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. त्यात पूर्ण मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलासाठी धोक्याची. 8 मिलिमीटरचा डोळा त्यात नुसता पडतो.

मग ससा उसवला. सगळा नाही, पाठीच्या बाजूनं कापला आणि उलटा केला. आत गादीचा पिंजलेला कापूस होता, पावसाळ्यातल्या धुण्यानंतर त्याचे लिंबाएवढे गोळे झालेले, मधले अजून दमट. धुऊन चार दिवस झाले होते.

कारण शोधताना

मावशीला फोन केला. भाचीनं नको म्हटलं होतं, पण मला ते पटलं नाही. पन्नास वर्षं हातकाम करणाऱ्या बाईपासून तिच्याच कामाचा दोष लपवणं हा तिचा मान ठेवणं नव्हे. मी प्रत्येक गोष्ट सांगत गेले आणि ती प्रत्येक वेळी एकच म्हणत राहिली, "अगं, पण असंच तर करतात!" ते ऐकताना मला हळूहळू लक्षात आलं की ती बरोबर बोलते आहे. असंच करतात, पण रुमालाला.

रुमाल पसरायचा असतो आणि खेळणं भरायचं असतं. रुमालाचं सौंदर्य त्याच्या जाळीत, म्हणजे भोकांत. तो टेबलावर लोळला पाहिजे, कडेला झुलला पाहिजे. खेळणं म्हणजे भांडं आहे. आत जे भरलं ते बाहेर दिसू नये, बाहेर येऊ नये, आणि भरल्यावर भिंती ताणल्या तरी आकार राहावा, एवढ्याचसाठी त्याची वीण. मावशीच्या हाताची प्रत्येक चांगली सवय इथे उलटी पडली होती.

सुरुवात बघा. ती रुमालासारखीच चार साखळ्यांचं कडं करून त्यात टाके घालून निघाली. रुमालात मधलं ते भोक फुलाच्या मध्यासारखं शोभतं. डोक्याच्या माथ्यावर मात्र ते टक्कल होतं, आणि भरल्यावर आणखी ताणलं जातं. खेळण्याला मॅजिक रिंग हवी. धाग्याचा फास करून त्यात 6 मुके खांब घालायचे आणि सुटं टोक ओढून फास पूर्ण मिटवायचा. मुका खांब म्हणजे क्रोशाचा बुटका, घट्ट टाका, हल्लीच्या व्हिडिओंमधला सिंगल क्रोशे. फास मिटला म्हणून टोक कापून टाकलं तर तो धुण्यात पुन्हा उघडतो. टोक बोथट सुईत ओवून त्याच गोलातून एकदा फिरवायचं, मग उलट दिशेनं थोडं परत आणायचं, आणि मगच कापायचं. ज्यांना फास जमत नाही त्यांनी 2 साखळ्या घालून पहिल्या साखळीतच 6 मुके खांब घ्यावेत. भोक राहतं, पण तिळाएवढं.

दुसरी सवय, प्रत्येक फेरी स्लिप स्टिचनं, म्हणजे नुसता धागा ओढून घेतलेल्या टाक्यानं, जोडून पुढची फेरी साखळीनं वर चढवायची. रुमालात ही शिवण जाळीत लपते. सशाच्या पाठीवर ती तिरकी रेघ बनून दिसत होती. खेळणं गोल गोल, न जोडता, जिन्यासारखं विणत जातात. त्यात फेरी कुठे सुरू झाली ते कळत नाही, म्हणून वेगळ्या रंगाचा दोऱ्याचा तुकडा खुणेला ठेवायचा आणि दर फेरीला वर उचलून घ्यायचा. यातही एक गंमत आहे. उजव्या हातानं विणलेले मुके खांब खालच्या टाक्याच्या बरोबर डोक्यावर बसत नाहीत, किंचित उजवीकडे सरकतात. बारा-पंधरा फेऱ्यांत खूण चांगलीच कलते. मावशीनं खुणेऐवजी त्या जोडाच्या रेघेपासून टाके मोजून कान लावले होते, आणि ती रेघही तशीच कलली होती, अगदी प्रामाणिकपणे, आणि म्हणूनच एक गालावर गेला. कान, हात, डोळे यांची जागा मोजून धरावी पण ठरवावी डोळ्यांनी, रंगीत डोक्याच्या टाचण्या टोचून, खेळणं समोर हात लांब करून धरून. सात टाचण्या टोचल्या तर सातच परत डबीत गेल्या पाहिजेत. हे मी प्रत्येक वेळी मोठ्यानं मोजते.

कान तिनं लांब खांबांनी विणले होते. याला कारण नमुना. भाचीनं तिला पाठवलेला नमुना ब्रिटिश पद्धतीचा होता. त्यात 'डबल क्रोशे' म्हणजे मुका खांब. मावशी वर्षभर ज्या अमेरिकन व्हिडिओंवरून शिकली त्यांत 'डबल क्रोशे' म्हणजे लांब खांब. धड तिनं चित्राकडे बघून बरोबर विणलं आणि कानाला मात्र शब्दावर विश्वास ठेवला. नमुना हातात घेतला की त्यात 'सिंगल क्रोशे' हे शब्द आहेत का ते आधी शोधावं. असतील तर तो बहुधा अमेरिकन.

मानेचा दोष सर्वांत साधा आणि सर्वांत जास्त दिसणारा. डोकं तिनं 6 टाक्यांपर्यंत घटवून बंद केलं, धडही वर बंद केलं, आणि दोन गोळे एकमेकांवर शिवले. दोन लिंबं एकमेकांवर ठेवून दोऱ्यानं बांधल्यासारखं. टेकायला जागा रुपयाच्या नाण्यापेक्षा कमी आणि वर अख्ख्या खेळण्यातलं सर्वांत जड डोकं. ते पडणारच.

सुईचा प्रश्न

भोकांचं मूळ सुईत होतं. लोकरीच्या लेबलावर लिहिलेली सुई स्वेटर आणि शालीसाठी असते, कापड मऊ पडावं म्हणून. मावशीनं लेबल मानून 3.5 मिलिमीटर घेतली. मी त्याच लोकरीचे तीन चेंडू विणले, तिन्ही 36 टाक्यांचे, सुया 3.5, 3 आणि 2.5. तिन्ही सारखे गच्च भरले आणि सकाळी खिडकीत उजेडाकडे धरले. पहिल्यातून आत भरलेलं पांढरं फायबर, म्हणजे कृत्रिम कापूस, चहूकडून दिसत होतं; व्यास जेमतेम 7 सेंटिमीटर. दुसऱ्यात फक्त घटवलेल्या फेऱ्यांत दिसत होतं. तिसरा 6 च्या आसपास आणि नारळासारखा बंद.

मग 2.5 घे म्हणून सांगून मोकळं व्हायचं का? मी तसंच केलं, आणि दोन दिवसांनी मावशीचा फोन आला की अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागला आहे. ही चूक माझी. बारीक सुईनं जाड लोकर ओढायला जोर लागतो, आणि 71 वर्षांच्या बोटांकडे तो मागणं बरोबर नव्हतं.

यावर उपाय सुईत नाही, धागा घेण्यात सापडला. नेहमीच्या मुक्या खांबात सुई टाक्यात घातल्यावर धागा सुईवरून घेतात आणि बाहेर ओढतात. त्याऐवजी सुईच धाग्याच्या वरून नेऊन तिच्या आकड्यात धागा खालून पकडायचा आणि बाहेर काढायचा. हे फक्त पहिल्या ओढीला. दुसऱ्या वेळी, दोन्ही वेढ्यांतून काढताना, धागा नेहमीसारखाच घ्यायचा. एवढ्याशा फरकानं टाका 'व्ही'सारखा न दिसता फुलीसारखा दिसतो, बुटका आणि घट्ट बसतो, आणि उजवीकडे कमी सरकतो. याच पद्धतीनं 3 मिलिमीटरच्या सुईनं विणलेला चौथा चेंडू खिडकीत धरला तेव्हा तो 2.5 वाल्याच्या अगदी जवळ होता, आणि हाताला काही त्रास नाही.

मावशीला हे शिकवायला दोन रात्री गेल्या. जेवणं आटोपली की साडेनऊला व्हिडिओ कॉल. ती फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवायची, आणि मला फक्त तिची बोटं आणि पदराचा काठ दिसायचा. तिची बोटं धागा वरून घ्यायला आपोआप वळत. ती थांबायची, टाका उसवायची, पुन्हा घालायची. "हात ऐकत नाही गं," असं दोनदा म्हणाली. दुसऱ्या रात्री सुमारे चाळीस टाके सलग फुलीचे आले तेव्हा तिनं काहीच न बोलता विणकाम कॅमेऱ्यापुढे धरलं. ते धरणं मी विसरणार नाही.

दुसरा ससा

दुसरा ससा तिनंच विणावा असं आमचं ठरलं. डोकं आणि धड सलग, वरून खाली. आकडे देते, कारण कोणत्याही गोल डोक्याला ते चालतात: 6 टाक्यांपासून दर फेरीला 6 वाढवत 12, 18, 24, 30, 36. मग 36 च्याच सहा फेऱ्या सरळ. मग 30, 24, 18 असं घटवायचं आणि 18 वर थांबायचं. ती मान. तिथून पुन्हा 24, 30, 36 वाढवत धड.

एक बारकावा. वाढवलेले टाके दर फेरीला एकाखाली एक आले तर गोल न होता षट्कोन होतो, कडा दिसतात. म्हणून एक सोडून एका फेरीत सुरुवात अर्ध्यावरून करायची. 36 च्या फेरीत '4 टाके, एक वाढ' असं सहा वेळा करण्याऐवजी आधी 2 टाके, एक वाढ. मग '4 टाके, एक वाढ' पाच वेळा. शेवटी उरलेले 2. बेरीज तीच, कोपरे नाहीसे.

घटवताना दोन टाके पूर्ण उचलून एक केले की तिथे गाठ येते आणि बाजूला फट पडते. गालावर कापूस दिसत होता तो याच ठिकाणी. त्याऐवजी दोन्ही टाक्यांचे फक्त पुढचे पदर सुईवर घ्यायचे, त्यांतून धागा एकदम काढायचा आणि मग नेहमीसारखा पूर्ण करायचा. कुठे घटवलं ते नंतर मलाही शोधावं लागतं. मावशीला हे पहिल्याच प्रयत्नात जमलं आणि ती खूश झाली: "हे चांगलं आहे. हे लबाडी न करता लपतं."

डोळे भरतकामाचे, काळ्या सुती दोऱ्याचे. धड बंद होण्याआधी, म्हणजे गाठी आतून मारता येतात. दहाव्या-अकराव्या फेरीच्या मध्ये, दोघांत 7 टाक्यांचं अंतर. डोळे थोडे खाली आणि थोडे लांब बसवले की चेहरा बाळसेदार दिसतो; वर आणि जवळ गेले की खेळणं रागावल्यासारखं वाटतं. जपानी लोकांनी या विणलेल्या खेळण्यांना 'अमिगुरुमी' हे नाव दिलं. 'अमि' म्हणजे विणलेलं आणि 'नुइगुरुमि' म्हणजे भरलेलं बाहुलं. मोठं डोकं आणि खाली बसलेले डोळे हा गोडवा तिथल्या नमुन्यांत फार दिसतो.

भरायला पॉलिस्टर फायबर. घरचा कापूस टाकून विकतचं का घ्यायचं हा मावशीचा खरा आक्षेप होता, आणि मला तो मान्यही आहे. पण कापूस पाणी धरतो आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ते सोडत नाही. बाळ जे तोंडात घालतं ते दर आठवड्याला धुवावं लागतं. फायबर मोठा गोळा करून कोंबायचं नाही. चिमटी-चिमटीनं, मोकळं करून, आधी भिंतींना लावायचं आणि मग मध्य भरायचा. मानेत मात्र हात राखायचा नाही. डोकं भरून झाल्यावर पेन्सिलीच्या बोथट टोकानं मानेत इतकं भरायचं की बोटानं दाबलं तर दगडासारखं लागलं पाहिजे. मान तारेनं किंवा काडीनं ताठ करणारेही आहेत. लहान मुलाच्या खेळण्यात ते करू नये.

शेवटचे 6 टाके उरले की धागा कापायचा, सुईत ओवून सहाही टाक्यांच्या पुढच्या पदरांतून बाहेरच्या दिशेनं घ्यायचा आणि ओढायचा. भोक डोळा मिटावा तसं मिटतं. टोक पोटातून आरपार दोनदा नेऊन आत सोडायचं. कान या वेळी मुक्या खांबांचे, दुहेरी चपटे, न भरता; कडेनं चारी बाजूंनी शिवलेले, नुसते दोन टाक्यांवर टांगलेले नाहीत.

काय झालं

नऊ दिवसांत ससा पुण्याला आला. मी बाळाच्या हातात देण्याआधी कान, हात, पाय एकेक धरून जोरात ओढले, डोळ्यांच्या दोऱ्याखाली सुई घालून पाहिली, आणि लोकरीचे कपडे धुवायच्या पिशवीत घालून मशीनमध्ये तीनदा धुतला. पंख्याखाली एका रात्रीत वाळला. मान ताठ. उजेडाकडे धरला तर काही दिसलं नाही.

मावशीच्या कॉलनीतल्या दोघींनी ससा फोटोत पाहून पैसे देऊन मागितला. मी तिला थांबायला सांगितलं. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह सक्तीचं आहे. सवलत आहे ती केंद्राच्या विकास आयुक्त, हस्तशिल्प यांच्याकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना. नात्यात भेट देणं वेगळं आणि विकणं वेगळं. तिनं नोंदणीचा अर्ज भरायला घेतला आहे, आणि तोवर तीन वर्षांखालच्या मुलासाठी कुणाचं काम घ्यायचं नाही असं तिचं तिनंच ठरवलं.

नोव्हेंबरात भाचीकडे गेले तेव्हा ससा तपासला. मान, माथा, डोळे जागेवर. नाक मात्र झिजलं होतं. बाळाला दात येत होते आणि सगळं चावणं नाकावर चाललं होतं. गुलाबी दोऱ्याचे दोन पदर तुटून लोंबत होते. ते मी कापले, खालची गाठ आतच ठेवली, आणि नाक सहा पदरी दोऱ्याच्या दोन पदरांऐवजी विणायच्याच लोकरीनं, एकावर एक आडवे टाके घालून, पुन्हा भरलं. मिरजेला फोटो पाठवला. मावशीचं उत्तर आलं की पुढच्या सशाला ती नाक विणीतच, रंग बदलून घेणार आहे, आणि तो रंग बदलायचा कसा ते मी रात्री साडेनऊला दाखवावं.